काँक्रीटला गोडं, झाडाला खारं

ताहेर खानला नगरपालिकेच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एकच मेमो मिळाला, आणि तो झाडांना चांगलं पाणी घातलं म्हणून. वाचणाऱ्याला वाटेल छपाईत काहीतरी चुकलंय. काही चुकलेलं नाही. मेमोवर जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता, आणि मजकूर असा होता : ‘आपण सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता वृक्षांकरिता गोड्या पाण्याचा वापर केल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये?’

का करण्यात येऊ नये, हे ताहेरने सांगितलं. ऐकून घेणारा कोणी नव्हता, एवढंच.

अकोल्याहून अमरावतीकडे येताना बडनेऱ्याच्या बरंच अलीकडे आसरखेड लागतं. गाव खारपाणपट्ट्यातलं. वर काळीभोर जमीन, खाली हवं तितकं पाणी, पण खारं. बोअर मारा, दोनशे फुटांवर धो धो लागेल. त्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, त्यात तुरीची डाळ शिजत नाही, आणि घागरीत दोन दिवस राहिलं तर कडेला पांढरी रांगोळी काढून जातं. दुपट्यातल्या पोराला इथं जिभेनं पाणी ओळखता येतं. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, जुन्या तलावाच्या पाळीखाली. तिला नाव काही नाही. नुसतं ‘गोडी’ म्हटलं की पुरतं.

ताहेरचा बाप गुलफाम याच गोडीवरून मशक भरायचा. भिश्ती होता तो, नगरपालिकेचाच. मार्च ते जून, चार वाजले की बकऱ्याच्या कातड्याची ती फुगलेली मशक पाठीवर घेऊन स्टेशनापासून मोटरस्टँडपर्यंत रस्त्यावर पाणी शिंपत जायचा. धूळ बसायची, जमीन निवायची, मग लोक ओट्यावर येऊन बसायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निंबाची रोपं होती, त्यांनाही तोच पाणी द्यायचा. मात्र मशकीचं तोंड सोडायच्या आधी ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा. पोरगा विचारायचा, प्यास लगी क्या अब्बा? बाप म्हणायचा, “मेरेकू नहीं लगी. झाड बोलता नहीं ना बेटा, तो उसकी तरफसे चखना पडता. जो पानी तू थूक देगा, वो जडमें मत डाल.”

ह्या वाक्याला कोणी शास्त्र म्हणणार नाही. पण कृषी विद्यापीठाच्या दहा पानी पत्रकात याहून वेगळं काही लिहिलेलं नसतं.

मशक गेली, टँकर आला. ताहेर सन ऐंशीत टँकरवर लागला. उंच, काटकुळा, दाढी राखलेला माणूस. बोलणं कमी, आणि बोललाच तर समोरच्याला झोंबेल असं. टँकर रिकामा करण्याआधी कॉक उघडून ओंजळ तोंडाला लावायची सवय त्यानं सोडली नाही. अड्ड्यावरचे मजूर हसायचे. “ताहेरभाऊ, साखर पाहून राहिले का पाण्यात?” तो म्हणायचा, “साखर तुमच्याकडंच ठेवा. मी मीठ पाहून राहिलो.”

हा अड्डा म्हणजे मजुरांचा. मोटरस्टँडसमोर, निंबांच्या खाली, सकाळी सात ते नऊ. कोणाला गवंड्याच्या हाताखाली माणूस हवा, कोणाला संत्र्याचा ट्रक भरायला वरूडकडे न्यायला चार गडी हवेत, तो तिथं येतो आणि बोट दाखवून माणसं उचलतो. ताहेर नोकरीला लागला तेव्हा तिथं चाळीस माणसं उभी राहायची. कापसानं दगा द्यायला लागल्यापासून चारशे उभी राहायला लागली. त्यांतली निम्मी स्वतःच्या शेताची मालक. टोपी काढून खिशात घालायची आणि मगच अड्ड्यावर यायचं, म्हणजे एखाद्या सोयऱ्यानं बसमधून लांबून ओळखू नये. असल्या लाजेवर सरकारनं एकही समिती नेमलेली नाही.

डोमाजी त्यांतलाच. आठ किलोमीटरवरून सायकलनं यायचा. भाकरीचं फडकं हँडलला बांधलेलं. स्टँडकडून तिसऱ्या निंबाखाली त्याची जागा ठरलेली. काम मिळालं नाही तर उन्हं उतरेपर्यंत तिथंच पडून राहायचा, मग सायकल मारत परत. ताहेरचा टँकर आला की उठून स्वतः झाडाच्या आळ्याला हातानं पाळ घालायचा. “वावरात पाणी नाही देऊ शकलो, ईथं तं देतो,” म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

सन दोन हजार एकमध्ये रस्ता रुंद झाला. चार दिवसांत त्रेपन्न निंब पडले. पन्नास वर्षांची झाडं, प्रत्येकाखाली पंचवीस माणसं बसतील एवढी. लाकूड कुठं गेलं ते विचारू नये, विचारलं तर लिलाव झाला असं सांगतात. रस्ता काँक्रीटचा झाला, कडेला सिमेंटच्या ठोकळ्यांचे गट्टू बसले, आणि अड्ड्यावर लोकप्रतिनिधीच्या नावाची एक टिनाची शेड उभी राहिली. शेडमध्ये स्टीलचे बाक. आता आसरखेडात मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो. वर टिन, खाली काँक्रीट, मध्ये स्टील. त्या बाकावर अकरानंतर बसून दाखवणाऱ्याला खरं तर पदक द्यायला पाहिजे. बाया ओलं पोतं टाकून बसायच्या. पोतं पाच मिनिटांत वाळायचं.

नगरपालिकेचा बगिचा होता, नाही असं नाही. त्यात चिंचा होत्या, शिरीष होते, गार सावली होती. फाटकावर पाटी : ‘सकाळी ६ ते ९, संध्याकाळी ५ ते ८’. म्हणजे ऊन नसताना सावली उघडी, आणि ऊन पडलं की सावलीला कुलूप. ही वेळ कोणी ठरवली हे त्या पाटीवर लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं, नाव-पत्त्यासकट.

दोन वर्षांनी, मे महिन्याच्या एकोणीस तारखेला डोमाजीला काम मिळालं नाही. तो टिनाच्या खांबाशी टेकून बसला. साडेबाराच्या सुमारास ताहेरचा टँकर तिथून जात होता. त्याला दिसलं की माणूस आडवा झालाय आणि त्याच्या अंगाला घाम नाही. घाम नाही म्हणजे काय, हे टँकरवाल्याला कळतं. त्यानं टँकरचा कॉक सोडून डोमाजीला नखशिखान्त भिजवलं, दोघांना हाताशी घेऊन कॅबिनमध्ये घातलं आणि हॉर्न दाबून ठेवत दवाखाना गाठला. डोमाजी वाटेतच गेला. कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. कशानं पडली, ते लिहायला कागदावर ओळ नव्हती म्हणे.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत उद्यान निरीक्षक केशवराव ताहेरला म्हणाले, “उन्हाळा हाये बापा. मानसं मरतच राह्यतात.”

“निंबाखाली इतक्या वर्सात कोनी मेलं का, केशवराव?”

“म्हंजे निंब तोडले थे मी तोडले का?”

“मी काई म्हनलो का?”

केशवराव आसरखेडचेच. याच खाऱ्या पाण्यात त्यांच्या आईनं आयुष्यभर डाळ शिजत नाही म्हणून कपाळाला हात लावलेला. आणि याच माणसानं सावलीचा प्रश्न मिटवायला अमरावतीहून शंभर पाम आणवले. पाम! खांबाला झिपऱ्या लावल्यासारखं झाड, त्याच्या सावलीत उंदीरसुद्धा बसायचा नाही. पाच जूनला, पाऊस यायच्या आत, ते रस्त्याच्या कडेनं लावले. फोटो निघाले. बगिच्यात नवा बोअर मारला होता, त्याचं पाणी दिलं. दिवाळीपर्यंत शंभरच्या शंभर तपकिरी. पुढच्या पाच जूनला त्याच खड्ड्यांत दुसरे शंभर. खड्डे तेच, हार तेच, माणसंही बहुतेक तीच. फक्त कागदावर झाडं दोनशे झाली.

ते दुसरे शंभर पामही महिन्याभरात मान टाकायला लागले, तेव्हा जुलैत ताहेरनं कोणाला न विचारता एक काम केलं. ईदगाहच्या भिंतीखाली पावसात निंबोळ्या रुजतात, शेकड्यानं. त्यांतली वीतभर वाढलेली बावीस रोपं त्यानं मातीच्या गोळ्यासकट काढली आणि मोटरस्टँडसमोर, अड्ड्याच्या दोन्ही अंगांना, मेलेले पाम उपटून त्या खड्ड्यांत लावली. चौदा स्टँडच्या बाजूला, आठ रस्त्यापलीकडे. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. मोठा निंब खाऱ्या जमिनीत तग धरतो, लेकरू धरत नाही. मुळी खोल जाईस्तोवर तीन उन्हाळे त्याला गोडं पाणी हवं. तीनच. मग तो कोणाचं काही मागत नाही.

दोन उन्हाळे ताहेरनं निभावले. वस्त्यांमधून पिण्याचं पाणी वाटून येताना टाकीच्या तळाला शे-दोनशे लिटर राहायचं, ते दर दिवसाआड बावीस आळ्यांत. केशवरावांनी ती झाडं आपल्या अहवालात घेऊन टाकली, ‘जिवंत वृक्ष २२’ म्हणून. ताहेरला त्याचं काही वाटलं नाही. झाडं डोक्याच्या वर गेली होती, खोडं मनगटाएवढी झाली होती. एक उन्हाळा राहिला होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मार्चच्या शेवटी, मोटरस्टँडसमोरचं मैदान काँक्रीट करायचं निघालं. आणि केशवरावांनी ताहेरच्या हातात चिठ्ठी ठेवली : गोडीवरचं पाणी यापुढं पिण्यासाठी आणि बांधकामासाठीच. झाडांना बगिच्यातल्या बोअरचं.

ताहेरनं चिठ्ठी दोनदा वाचली. “केशवराव, बोअरचं पानी तुमी पेता का?”

“मी काहून पेईन? माह्या घरी कॅन येते.”

“मंग झाडाइले काहून?”

“झाडाले कुठं जीभ असते, ताहेर! पानी म्हंजे पानी. वल्लं झालं म्हंजे झालं.”

“पाम मेले थे कायनं मेले?”

“जातच नाजूक थी त्याची. तू ड्रायव्हर हायेस, ड्रायव्हरच राह्य. बागायतदार नोको बनू.”

ताहेर ड्रायव्हरच राहिला, म्हणजे टँकर चालवत राहिला. फक्त गोडीवरून भरून. वाटपाचं उरलेलं पाणी तो पूर्वीसारखंच आळ्यांत सोडायचा, भर सकाळी, चारशे माणसांसमोर. लपवण्यासारखं त्यात होतं तरी काय? आठव्या दिवशी मेमो आला. दहाव्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बोलावणं.

मुख्याधिकारी गौरांग साहेब, पुण्याकडचे, तरुण, सभ्य माणूस. केबिनमध्ये एसी. आत केशवराव बसलेले, आणि त्यांच्या शेजारी बांधकामाचे अभियंता उत्तमराव, मांडीवर काँक्रीटच्या कामाची फाइल. ताहेरला बसा म्हणायचं कोणालाच सुचलं नाही.

गौरांग साहेब म्हणाले, “ताहेर, टंचाई आहे. लोकांना प्यायला पाणी पुरत नाही आणि तुम्ही ते झाडांना घालता. हे योग्य आहे का?”

प्रश्न सरळ होता. ताहेरनं सरळच उत्तर दिलं. “नाही साहेब. लोकाइच्या तोंडचं पानी मी झाडाले नाही देनार. पन गोडीवरून रोज आठ टँकर भरतात. वस्तीत चार जातात. बाकीचे चार कुठं जाऊन राहिले, थे या इंजिनेर साहेबाइले इचारा.”

उत्तमराव म्हणाले, “काँक्रीटला जातात. क्युरिंगला. काम जूनपर्यंत तुकड्यातुकड्यानं चालणार. प्रत्येक तुकड्यावर एकवीस दिवस पाणी उभं ठेवावं लागतं, नाहीतर तडे जातात.”

“बोअरचं काहून नाही वापरत तुमी?”

“चालत नाही. टेंडरमध्येच लिहिलंय, पिण्यायोग्य पाणी.” उत्तमरावांनी फाइलमधलं पान काढून ओळीवर बोट ठेवलं, हुशार विद्यार्थ्यासारखं. “खाऱ्या पाण्यानं सळई गंजते. काँक्रीट सडतं.”

ताहेरनं वाकून बोटाखालची ओळ पाहिली. मग म्हणाला, “म्हंजे लोखंड सडते.”

“सडतं ना.”

“आन् मुळी नाही सडत. मुळी लोखंडाहून मजबूत असते का, इंजिनेर साहेब? असं असन तं सळईच्या जागी मुळ्याच टाका ना मंग सिमिटात!”

केशवराव खुर्चीत हलले. गौरांग साहेबांनी ते पान स्वतःकडे ओढून घेऊन वाचलं. वाचायला एक मिनिटही लागत नाही, पण ते बराच वेळ वाचत राहिले. काँक्रीटला खारं पाणी चालत नाही, हे कार्यालयाला ठाऊक होतं. छापून, सही करून, शिक्का मारून ठाऊक होतं. आणि त्याच कार्यालयानं त्याच आठवड्यात झाडांना खारं घाला म्हणून चिठ्ठी काढली होती. अडाणीपणाला माफी असते. याला काय म्हणायचं?

“चार टँकर सिमिटाले जातात,” ताहेर म्हणाला. “मले बावीस झाडाइसाठी आठवड्यातून दोन द्या. जूनपर्यंत. मंग अल्ला पाह्यन आन् पाऊस पाह्यन.”

चुकीचं ठरलो, हे माणसाला कळलं की तो एकतर शरमतो किंवा अभिप्राय मागवतो. गौरांग साहेबांनी अभिप्राय मागवला. ‘तांत्रिक बाब आहे. पाण्याचे नमुने अमरावतीला प्रयोगशाळेत पाठवावेत. अहवाल येईपर्यंत सध्याची व्यवस्था चालू राहील.’ नमुने मेमध्ये गेले. अहवाल ऑगस्टात आला : पाणी खारे आहे. हे सांगायला अमरावती! गावातल्या कुठल्याही सुनेला विचारलं असतं तरी तिनं डाळीचं पातेलं पुढं केलं असतं.

आणि ताहेरला टँकरवरून काढून कचरा डेपोच्या फाटकावर बसवलं. टँकर दुसऱ्या ड्रायव्हरकडे, धर्मपालकडे गेला.

घरी बायकोनं, परवीननं, आधी त्याचीच खरडपट्टी काढली. “कहकशाँके अब्बा, तुम्हारा दिमाग फिरगया क्या? नीमके वास्ते साहबसे लडते? नीम तुमकू पेन्शन देंगा?”

“तू डोमाजीकू कॅबिनमें नहीं देखी.”

“मैं नहीं देखी. मगर तुमकू देखरई हूँ, दस दिनसे रोटी निगलते नहीं.”

तो चिडून उठून गेला. पण तिनं त्याचं जेवण झाकून ठेवलं, आणि चार दिवसांनी मोटरस्टँडवर अकोल्याहून येणाऱ्या मुलीला घ्यायला गेली तेव्हा डोळे उघडे ठेवून गेली. परत आली ती दारातूनच बोलत. “अजी सुनो. वो मैदानमें सिमिटके उप्पर मिट्टीके पाळां बांधके तालाब बनाके रखेले. बित्ताभर मिठा पानी, धूपमें पडेला. और बाजूमें तुम्हारे नीम सूखरए. और तुम हैं के कचरेके फाटकपे बैठके पानीकू रोरए!”

ताहेर तिच्याकडे बघतच राहिला. सत्तावीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला हे दिसलं नव्हतं. दहा मिनिटं बसची वाट बघणाऱ्या बाईला दिसलं.

काँक्रीट ओतलं की ते वाळू नये म्हणून त्याच्यावर चिखलाच्या वीतभर पाळींचे चौकोन करतात आणि चौकोनात पाणी उभं ठेवतात. मैदानाला उतार स्टँडच्या अंगाला होता, पावसाचं पाणी तिकडून नालीत जावं म्हणून. आणि नालीच्या अलीकडे चौदा निंब. शेवटच्या चौकोनाची पाळ अन् पहिलं आळं यांच्यात अंतर किती? हातभर.

दुसऱ्या दिवशी सातला ताहेर अड्ड्यावर जाऊन उभा राहिला. डेपोची ड्यूटी नऊची होती. जमलेल्या माणसांना त्यानं भाषण दिलं नाही. शेवटच्या चौकोनाच्या पाळीवर टाच ठेवली आणि दाबली. पाळ फुटली, चार बोटं पाणी सरकलं, काँक्रीटच्या काठावरून उतरून निंबाच्या आळ्यात गेलं. आळं भरेस्तोवर तो उभा राहिला, मग पायानंच चिखल ओढून पाळ बुजवली.

“असं हाय थे,” एक जण म्हणाला.

“असंच हाय,” ताहेर म्हणाला. “सिमिट उघडं पडू द्याचं नाही. आपल्याले त्याचं बी नुकसान नाही कराचं. थोडं घ्याचं, बुजवाचं.”

कास्तकाराला पाणी फिरवायला शिकवावं लागत नाही. दंडातून दारं धरून ज्यांचे हात तयार झालेले, ती चारशे माणसं. रोज सकाळी काम मिळायची वाट बघत बघत कोणीतरी एक टाच दाबायचा, दुसरा आळ्याला पाळ घालायचा. बाया घमेल्यानं कडेची झाडं भरायच्या. एक म्हणायची, “माह्या वावरात तं दोन वर्सं झाले दारं नाही धरलं, ईथं सिमिटाच्या वावरात धरून राहिली व माय!” दुसरी म्हणायची, “पीक काय येईन वं?” “इंजिनेर येईन!” आणि सगळ्या हसायच्या.

इंजिनियर नाही आला, ठेकेदाराचा माणूस आला. “कोन फोडून राहिलं बे पाळी?”

बायांनी घमेली पाठीमागं सारली.

“काल भरलं, आज अर्धं गायब. पानी काय उडून जाते?”

“सत्तेचाळीस डिग्री हाये भाऊ,” मागून एक म्हातारा म्हणाला. “आमीच उडून जाऊन राहिलो, पान्याचं काय घेऊन बसले!”

त्यानं धर्मपालला आणखी एक टँकर मागितला. धर्मपालनं दिला, आणि ओतताना पाइपाचं तोंड नेमकं शेवटच्या चौकोनात धरलं. तो ताहेरला त्या उन्हाळ्यात एकदाही येऊन काही बोलला नाही. फक्त एकदा डेपोच्या फाटकावरून जाताना टँकर थांबवला, खिडकीतून चौदा बोटं दाखवली, म्हणजे दहा आणि मग चार, आणि गेला.

पलीकडच्या आठांना मात्र काही करता आलं नाही. तिकडं उतार नव्हता. घमेली घेऊन वाहता रस्ता ओलांडायचा तर ट्रक अंगावर यायचे. दोन दिवस बायांनी तेही केलं, मग पोलिसानं हटकलं. त्या आठांना चिठ्ठीप्रमाणं बोअरचं पाणी मिळालं, अगदी नियमित, रजिस्टरात सहीसकट. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा जळल्या. तिसऱ्यात पानं गळली. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा ताहेरनं एकेका खोडाला नख लावून पाहिलं. आतून हिरवं असतं तर वाट बघता आली असती. आठांतलं एकही हिरवं निघालं नाही. तो तिथं काठावर उकिडवा बसला आणि पावसात भिजत राहिला. कोणीतरी चहा आणला तर हातानंच नको म्हणाला.

अहवालात त्या वर्षी लिहिलं : ‘जिवंत वृक्ष १४. नैसर्गिक मर ८.’ नैसर्गिक!

मेमोची फाइल बंद झाली नाही आणि उघडलीही गेली नाही. गौरांग साहेबांची बदली झाली. ताहेर डेपोच्या फाटकावरूनच निवृत्त झाला. निरोप समारंभात केशवरावांनी त्याला शाल दिली आणि भाषणात त्याच्या वृक्षप्रेमाचा उल्लेख केला. ताहेरनं शाल घेतली, आणि उल्लेख ऐकायला थांबला नाही.

चौदा निंब मात्र राहिले. पुढच्या चार वर्षांत ते एकमेकांत मिसळले, खाली लांबच लांब गार पट्टा झाला. काँक्रीटवर अनवाणी पाय ठेवला तर फोड यायचे, आणि तिथून दहा पावलांवर माणसं घोंगडी टाकून झोपायची. निवृत्त ताहेर रोज सकाळी यायचा. काम नसलेला माणूस म्हणून नव्हे. फांद्या तोडणाऱ्या बकरीवाल्यांशी भांडायला.

एका एप्रिलमध्ये, अकराच्या सुमारास, पांढरी नवी गाडी आली आणि हॉर्न वाजवत सावलीत शिरली. त्या टोकाला काम न मिळालेली पन्नासेक माणसं बसलेली होती. चाकं जवळ आल्यावर ती उठली, फडकी-डबे उचलून उन्हात सरकली. सवयच असते त्यांना. गाडीतून उत्तमराव उतरले, आता मोठ्या पदावर, शहरातून तपासणीला आलेले.

ताहेर बोनेटसमोर जाऊन उभा राहिला. “इंजिनेर साहेब, गाडी उनात लावा.”

“कोण? अरे, ताहेर! बरा आहेस ना?”

“बरा हावो. गाडी उनात लावा. तिले चक्कर येत नाही.”

उत्तमरावांचा चेहरा बदलला. “सरकारी जागा आहे ही.”

“म्हनूनच म्हनून राहिलो.”

ड्रायव्हर हसू दाबत साहेबांकडे बघायला लागला. उन्हात सरकलेली माणसं थांबली. मग त्यांतली एक बाई परत आली आणि पुढच्या चाकाला लागून आपलं फडकं पसरून बसली. तिच्या पाठोपाठ दुसरी. मग बापे. कोणी आवाज चढवला नाही, कोणी घोषणा दिली नाही. गाडीला पुढं जायला जागा उरली नाही, मागं तेवढी होती.

उत्तमराव काहीतरी पुटपुटले, गाडीत बसले, आणि गाडी मागं जाऊन मैदानाच्या मधोमध काँक्रीटवर उभी राहिली. दोन तासांनी ते परतले तेव्हा ड्रायव्हरला स्टिअरिंगला हात लावता येईना. रुमाल गुंडाळून त्यानं गाडी काढली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

ताहेर हसला नाही. तो रस्त्यापलीकडे बघत होता. त्या बाजूला आठ खड्ड्यांवर आता गट्टू बसवले होते, आणि गट्टूंवर, डोक्याला फडकी बांधून, इकडच्या सावलीत न मावलेली शंभरेक माणसं अजून उन्हातच उभी होती.